दोन सऱ्या कोऱ्या सोडा

माझं खता-औषधांचं दुकान आहे, कोल्हापुरातली फुलेवाडी ओलांडून गगनबावडा रस्त्याला लागलं की. बावीस वर्षं झाली. पूर्वी गिऱ्हाईक यायचं ते उसाचं पान तोडून घेऊन. पान काउंटरवर टाकायचं आणि विचारायचं, "हे असं का पडलंय?" आता मोबाइल टाकतात. स्क्रीनवर कुणीतरी 'सर' हातात बाटली धरून थांबलेले असतात.

"हे द्या."

रान कुठलं, ऊस किती महिन्यांचा, लागण (नवा लावलेला) का खोडवा (तोडीनंतर पुन्हा फुटलेला), काही बोलणं नाही. हे द्या.

त्या सरांवर माझा राग नाही. त्यातल्या दोघा-तिघांचे व्हिडिओ मी स्वतः बघतो. वळवाच्या पहिल्या पावसानंतर, उसाची मुळं खाणाऱ्या हुमणीचे भुंगेरे कडुनिंब-बाभळीवरून रात्री कसे झाडून गोळा करायचे, हे एकानं इतकं झकास दाखवलंय की मी ते गिऱ्हाइकांना पाठवतो. ऐकायला हरकत नाहीच. पण ऐकून झाल्यावर आपलं डोकं कुठून चालू करायचं, हे कुणी सांगत नाही. मला जे जमलं ते सांगतो. उसाचं उदाहरण घेतो, कारण मला तेच येतं.

सुरुवात कागद-पेन्सिलीनं करा. बोललेलं सगळं खरं वाटतं, लिहिलं की त्यातलं निम्मं गळतं.

आमच्या गिऱ्हाइकातले एक तात्या आहेत, पासष्टीचे. गेल्याच्या गेल्या वर्षी असाच मोबाइल घेऊन आले. एक लिटरची फवारायची बाटली. म्हणाले, "याच्यात समदं आलंय म्हणं. युरिया निम्मा केला तरी चालतंय. पोरगं सांगतंय, दीड लाख लोकांनी बघितलंय."

बाटली माझ्या फळीवर होतीच. चष्मा लावला आणि लेबल वाचलं. एकूण नत्र ५ टक्के. बिलबुकाच्या पाठीवर तात्यांच्या समोर गणित मांडलं. लिटरला ५ टक्के म्हणजे ढोबळ ५० ग्रॅम नत्र. आडसाली (पावसाळ्यात लावून दीडएक वर्षानं तुटणाऱ्या) उसाला कृषी विद्यापीठाची शिफारस आहे हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० स्फुरद, १७० पालाश. एकराला नत्र धरा १६० किलो. युरियाचं पोतं ४५ किलोचं, त्यात ४६ टक्क्यांनी २०.७ किलो नत्र. म्हणजे नुसत्या युरियातूनच द्यायचं म्हटलं तर एकराला पावणेआठ पोती. निम्मा युरिया कमी केला की ८० किलो नत्र कमी झालं. आणि त्याच्या जागी आलं किती? ५० ग्रॅम.

तात्या बराच वेळ आकड्याकडं बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे त्यो खोटं बोलतोय व्हय?"

इथं मी घाई करत नाही, तुम्हीही करू नका. तो खोटं बोलतच असेल असं नाही. फवारणी केल्यावर पान चार-आठ दिवसांत गर्द हिरवं, काळंभोर दिसतं, हे खरंच दिसतं. त्यानं ते दाखवलं. युरिया निम्मा करा हे त्याला कुणी सांगितलं, ते त्यानं मोजलं का, हा वेगळा प्रश्न. एका व्हिडिओत एक खरी गोष्ट असते आणि तिच्या पाठीवर बसून दुसरी, न मोजलेली गोष्ट आत येते. दोन्ही वेगवेगळ्या ओळींवर लिहायच्या. पान हिरवं झालं, ही एक ओळ. खत वाचलं, ही दुसरी. मग प्रत्येक ओळीपुढं 'कशावरून?' एवढंच लिहायचं.

एकरी १०० टन ऊस काढून दाखवतो म्हणणाऱ्या व्हिडिओंचंही तसंच. साडेचार फुटी सरीत एका एकरात ९,६८० फूट सरी बसते (एकराचे ४३,५६० चौरस फूट भागिले साडेचार, करून बघा). १०० टन पाहिजेत तर ४० हजार ऊस, प्रत्येकी अडीच किलोचा. म्हणजे दर दहा फुटांत ४१-४२ ऊस, आणि तेही अडीच-अडीच किलोचे. असं रान नसतंच असं मी म्हणत नाही, आहेत तसे शेतकरी. पण व्हिडिओतला माणूस उसात उभा राहून बोलत असेल तर त्याच्या मागची दहा फूट सरी डोळ्यांनी मोजायचा प्रयत्न करा. मला तर आता सवयच लागलीय. बायको म्हणते, बोलणं ऐकायचं सोडून हे मागचे ऊस मोजत बसतात.

ऊसदराच्या रील्सनाही हीच पेन्सिल लावायची. गाळपाच्या तोंडावर एकजण म्हणतो टनाला चार हजाराच्या खाली एक कांडं देऊ नका, दुसरा म्हणतो कारखाने बुडतील. दोघांचाही आवाज चढलेला. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्रानं १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेला) क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचाच असा किमान दर, धरली आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. उतारा १२.२५ असेल तर वरचे वीस टप्पे, म्हणजे ६९ रुपये २० पैसे. टनाला ४,२४२ झाले, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. आपल्या कारखान्याचा उतारा किती आणि तोडणी-वाहतूक किती कापली, हे दोन आकडे हातात असले की दोघांचंही बोलणं शांतपणे ऐकता येतं. नसले, तर ज्याचा आवाज मोठा त्याच्या मागं आपण.

आता मुख्य काम. तात्यांना बाटली नको म्हणून मी सांगितलं नाही. ते ऐकलेही नसते, पोरगं मागं लागलेलं. मी म्हटलं, "तात्या, घ्या. पण दोन सऱ्या कोऱ्या सोडा."

कशा सोडायच्या ते नीट सांगतो. बांधाकडच्या सऱ्या धरायच्या नाहीत, तिथं ऊन जास्त आणि ऊस आपोआपच जाड. मधल्या घ्यायच्या. दोन्ही टोकांना खुंटी ठोकून रंगीत फडकं बांधायचं. बाकी सगळं सारखं: तेच बेणं, तेच खत, तीच पाण्याची पाळी. फक्त ती बाटली तेवढी या दोन सऱ्यांवर मारायची नाही. आणि फवारणीची तारीख कॅलेंडरवर. भिंतीवरच्या कॅलेंडरवर म्हणतोय, मोबाइलमधल्या नव्हे; मोबाइल बदलला की तारीख गेली.

तात्यांची अडचण वेगळीच निघाली. "दोन सऱ्या पिवळ्या पडल्या तर जाणारी-येणारी काय म्हणतील?" मला तेव्हा हसू आलं. नंतर वाटलं, सगळी मेख इथंच आहे. बाटली आपण उसासाठी कमी आणि बांधावरून बघणाऱ्यासाठी जास्त मारतो. मतंही तशीच घेतो.

पहिल्या वर्षी आमचा प्रयोग पार फसला. तोड पहाटे आली, टोळीला कोण सांगणार फडक्याची भानगड? आम्ही पोचेपर्यंत कोऱ्या सऱ्या आणि फवारलेल्या सऱ्या एकाच ट्रॉलीत भरून कारखान्याच्या वाटेला लागल्या होत्या. तेव्हा एक कलम वाढवा: मुकादमाला आदल्या दिवशी सांगायचं. त्याहून बरं म्हणजे तोडीच्या आधीच थोडा ऊस आपण स्वतः तोडून तोलायचा. त्याचं पुढं सांगतो.

आता माझ्याबद्दल. मी दुकानदार आहे. मी 'हे नको' म्हणतो तेव्हाही माझं काहीतरी विकायचं असतंच. काही वर्षांपूर्वी एका कंपनीनं टार्गेट पुरं केल्याबद्दल मला चार दिवसांची सहल दिली. समुद्रकिनारा, हॉटेल, सगळं. त्या वर्षी मला त्यांचं टॉनिक खरंच चांगलं वाटायचं. पैसे घेऊन खोटं बोलतोय असं मनात एकदाही आलं नाही. ज्या गिऱ्हाइकाचा ऊस चांगला आला तो लक्षात राहायचा, ज्याला फरक पडला नाही त्याला मी म्हणायचो, "पाणी कमी पडलं असेल." सहल बंद झाल्यावर, आठएक महिन्यांनी, ते टॉनिक मला हळूहळू साधंच वाटायला लागलं. टॉनिक तेच होतं.

म्हणून समोरचा खोटारडा आहे का, हे शोधत बसू नका. प्रामाणिक माणूसही असा वाकतो, मी वाकलो होतो. विचारायचं एवढंच: याचं पोट कशावर चालतं? जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पैसे, फुकट वस्तू, सहल, हॉटेल, काहीही मिळालं असेल तर ते स्पष्ट सांगायचं, ज्या भाषेत जाहिरात त्याच भाषेत सांगायचं, आणि व्हिडिओ असेल तर नुसतं खालच्या मजकुरात न टाकता व्हिडिओतच सांगायचं. मराठीत अर्धा तास बोलून शेवटी इंग्रजीत बारीक अक्षरात काहीतरी दिसलं, की मी तो व्हिडिओ जाहिरातीच्या फळीवर ठेवतो. फेकून देत नाही. फळी बदलतो.

आणखी एक कोल्हापुरी चाचणी. आपल्याकडं राजकारणात भांडण पेटलं की आव्हान ठरलेलं: हिंमत असेल तर बिंदू चौकात या. सगळे येतातच असं नाही, पण म्हणण्यामागचा अर्थ बघा. समोरासमोर, लोकांदेखत, दुसऱ्यालाही बोलायची संधी. ऑनलाइन सरांना मी मनातल्या मनात बिंदू चौकात उभं करतो. विरोधात कुणी नीट प्रश्न विचारला तर उत्तर देतात का? का 'तुम्ही शेती केलीय का कधी' म्हणून उडवून लावतात? फसलेला प्लॉट कधी दाखवलाय का? मी ज्यांचे व्हिडिओ बघतो त्यातल्या एकानं गारपिटीनं आणि स्वतःच्या चुकीनं गेलेली मिरची दाखवली होती, कोणतं नुकसान गारपिटीचं आणि कोणतं चुकीचं तेही वेगळं काढून. त्या दिवसापासून त्याचं मी जरा जास्त ऐकतो.

शेअर बाजाराचं दोन वाक्यांत उरकतो, कारण पुतण्याशी त्यावरून बोलणं बंद होता होता वाचलं. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्यूचर्स-ऑप्शन्स (पुढच्या भावावरचे सौदे) करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते, आणि सल्ला विकणाऱ्याकडं सेबीचा नोंदणी क्रमांक असावा लागतो, तो सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. सर गाडीसोबत फोटो दाखवतात, तो क्रमांक नव्हे.

आता ज्या गोष्टीत सरीही सोडता येत नाही आणि तोलताही येत नाही, तिथं काय? तिथं मी एक करतो. कुणाचंही ऐकायच्या आधी माझं मत चार ओळींत लिहितो.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या कंपनीनं आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, तेव्हा इथं काय उसळलं ते तुम्ही बघितलंयच. सकाळी उठलो तर मोबाइलवर साठ-सत्तर संदेश, सगळे पेटलेले. मी मोबाइल उपडा ठेवला आणि दुकानाच्या वहीत लिहिलं. एक, नाव न घेता उचलणं वाईट. दोन, नुकसान नक्की कुणाचं झालं, मला माहीत नाही. तीन, गेल्या पाच वर्षांत मी स्वतः किती कोल्हापुरी घेतल्या? एक जोड, मेहुण्याच्या लग्नात. चार, ज्याचं पोट त्यावर आहे त्याला विचारायला पाहिजे.

मग व्हिडिओ बघितले. एक जण छातीठोक सांगत होता, कोल्हापुरी चप्पल फक्त कोल्हापूरची, दुसऱ्या कुणाचा हक्क नाही. ऐकायला गोड वाटलं. पण २०१९ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन (ही वस्तू अमुक भागाचीच, असा सरकारी शिक्का) आठ जिल्ह्यांचं आहे: आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. आपल्या बाजूच्या माणसानं आपल्याला आवडेल असं चुकीचं सांगितलं, की ते पकडायला सगळ्यात अवघड. तिथं पेन्सिल हातातून खाली पडते.

दोन दिवसांनी सुभाषनगरात एका ओळखीच्या कारागिराकडं गेलो. तो चामड्याला टाके घालत होता, मान वर न करता म्हणाला, "चौकशी वाढलीया, ते चांगलंच हाय. पर गिऱ्हाईक येतंय आनि रेक्झिनचा साडेतीनशेचा जोड दाखवून म्हणतंय, ही बी कोल्हापुरीच की. मला त्यो मिलानवाला न्हाई नडत, हे रेक्झिन नडतंय." साठ-सत्तर संदेशांत रेक्झिन हा शब्द एकदाही आला नव्हता. घरी येऊन वहीतली दुसरी ओळ दुरुस्त केली. मत बदललं म्हणून काही बिघडत नाही; कुठून कुठं आणि कशामुळं बदललं ते वहीत दिसतं, एवढं पुरे.

हे सगळं शहाणपण मला आधी नव्हतं. एक रात्र अशी गेली की तिची अजून लाज वाटते.

जुलै होता. पाऊस तीन दिवस धरून. रात्री साडेअकराला मला एक व्हिडिओ आला: राधानगरी धरणाचे सातही दरवाजे उघडले, नदीकाठच्यांनी ताबडतोब हलावं. पाठवणारा माणूस मोठा, हजारो लोक त्याच्या मागं. मी दुसऱ्या सेकंदाला दुकानाच्या ग्रुपवर टाकला. दोनशेवर शेतकरी आहेत त्यात. त्यातल्या एकानं भर पावसात, अंधारात, दोन म्हशी आणि एक रेडकू ट्रॉलीत चढवलं. चढवताना रेडकाचा पाय फळीत अडकला. मोडला नाही, पण महिनाभर ते लंगडत होतं.

सकाळी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघितली तर इशारा पातळीच्याही खाली. मग तो व्हिडिओ पुन्हा बघितला, या वेळी आवाज बंद करून. कठड्यापाशी उभ्या असलेल्या दोन माणसांच्या तोंडाला मास्क होते. कोरोनाच्या दिवसांतला व्हिडिओ. रात्री मी तो पुरा बघितलाही नव्हता. ज्यानं म्हशी हलवल्या त्याच्या घरी गेलो, माफी मागितली. तो काही बोलला नाही. त्याच्या आईनं चहा दिला. ते जास्त लागलं.

तेव्हापासून पुराच्या बाबतीत माझा नियम असा: आधी आकडा, मग चित्र. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ ला हीच पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. जिल्हा प्रशासन पावसाळ्यात ही पातळी फूट-इंचात जाहीर करत असतं. नुसता आकडा बघू नका, दोन तासांपूर्वीचा आकडाही बघा, म्हणजे चढतंय का उतरतंय ते कळतं. राधानगरीचे दरवाजे स्वयंचलित आहेत, पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात. त्यामुळं 'कुणीतरी रात्रीत गुपचूप उघडले' असं वाक्य आलं की तिथंच थांबा. व्हिडिओ आला तर एकदा आवाज बंद करून बघा. आवाज घाबरवतो, चित्रात तारीख लपलेली असते: कपडे, मास्क, गाडीची नंबरप्लेट, भिंतीवरचं पोस्टर. आणि आपल्या घराजवळचं एखादं ओळखीचं झाड किंवा पायरी ठरवा, तिथं पाणी लागतं तेव्हा बंधाऱ्यावर किती फूट असतं ते दरवर्षी लिहून ठेवा. जो आकडा तुमच्या पायरीचा आहे तो कुठल्याच सरांकडं मिळणार नाही.

मात्र पाणी खरंच चढत असेल आणि प्रशासन हला म्हणत असेल, तर हलायचं. तिथं वही काढून बसायचं नाही.

तात्यांचं राहिलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी पुन्हा दोन सऱ्या कोऱ्या सोडल्या, या वेळी स्वतःहून. तोडीच्या आदल्या दिवशी मी ताणकाटा घेऊन गेलो. फवारलेल्या सरीत तीन ठिकाणी दहा-दहा फूट मोजून ऊस तोडले, कोऱ्या सरीत तीन ठिकाणी. पाचट काढून, मोळी बांधून, काटा बाभळीच्या फांदीला अडकवून तोललं. फवारलेला: ६१ किलो, ६६, ५८. कोरा: ६३, ५७, ६०. सरासरी काढली तर फवारलेला ६१.६७ आणि कोरा ६०. फरक पावणेदोन किलोंचाही नाही.

मी म्हटलं, "तात्या, एकाच सरीत एका जाग्याला ६६ आणि दुसऱ्या जाग्याला ५८. आठ किलोंचा फरक रानातच आहे. त्यात बाटलीचा पावणेदोन किलो कसा ओळखायचा? काही फायदा झाला नाही असंच धरा."

तात्यांनी तंबाखू मळली. पाटाकडं बघितलं, मग कोऱ्या सऱ्यांकडं. म्हणाले, "तू बी त्या मोबाइलवाल्यासारखंच करायलाईस की. धरा म्हणं. फवारलेली सरी पाटाच्या अंगाला हाय, तिकडं पाणी आधी पोचतंय. फरक असला तर पाण्याचा असंल. आनि नसला तरी, कोऱ्या सऱ्या पाटाकडं घेतल्या असत्या तर काय झालं असतं, हे तुला कुठं म्हाईत हाय?"

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. बावीस वर्षं दुकान चालवतोय.

या वर्षी त्यांनी फडकी उलट्या बाजूला बांधलीत. कोऱ्या सऱ्या पाटाकडं, फवारलेल्या लांब. बाटली मात्र माझ्याकडून घेतली नाही. कळंब्याच्या एका दुकानात चाळीस रुपयांनी स्वस्त मिळाली म्हणं.